पाच दिवस आणि पंधरा वर्षे

कादंबरी किती दिवसांत लिहून व्हावी, हा प्रश्न वाचकाला क्वचितच पडतो. लिहिणाऱ्याला मात्र तो रोज छळतो. त्यातून तो शाळामास्तर असला, दिवसा वर्ग आणि रात्री तपासायच्या वह्या असे त्याचे आयुष्य असले, तर विचारायलाच नको. वाङ्मयाच्या इतिहासाने या प्रश्नाला काही नवलाची उत्तरे दिली आहेत.

रशियाचा थोर कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की कर्जात बुडाला होता. १८६५ साली त्याने एका प्रकाशकाशी करार केला. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढली नऊ वर्षे त्याचे सारे लेखन फुकट छापण्याचा हक्क त्या प्रकाशकाला मिळणार होता! ऑक्टोबर उजाडला तरी कागद कोराच. शेवटी अॅना नावाच्या लघुलेखिकेला सांगून २६ दिवसांत त्याने ‘जुगारी’ पुरी केली. पुढे १८६७ मध्ये दोघांचे लग्नही झाले. परंतु या गोष्टीतला एक धागा सहसा सुटतो. जुगाराचे व्यसन लेखकाने स्वतः भोगले होते, आणि या कादंबरीची कल्पना त्याने १८६३ मध्येच एका मित्राला पत्रातून कळवली होती.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतली आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे लेखणी खाली ठेवली. पाच दिवस! दिवसा तुरुंगातले काम होतेच. पुस्तक १९३५ साली निघाले आणि आजही घरोघरी आहे. त्याला कोणी कादंबरी म्हणतो, कोणी आठवणी. डोळे मात्र सर्वांचेच पाणावतात.

पण हे पाच दिवस आले कोठून? गुरुजींची आई १९१७ साली गेली. त्या वियोगापासून तुरुंगातल्या त्या रात्रींपर्यंत पंधरा वर्षे लोटली होती. आमच्या कोरेगावच्या शेजारी, खटाव तालुक्यातल्या औंधला गुरुजी काही काळ शिकावयास होते. तिथले गरिबीचे दिवसही मनात साठलेलेच होते. १९२४ पासून अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक स्वतः लिहीत. म्हणजे मन भरलेले आणि हात रोजच्या लेखनाने सरावलेला. त्यात प्रत्येक रात्री श्यामने एक गोष्ट सांगावी, ही सोपी चौकट सापडली.

पुढे १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांनी वयाच्या पंचविशीत ‘कोसला’ पंधरा-सोळा दिवसांत लिहिली, आणि त्याच वर्षी ती प्रसिद्धही झाली. खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाचे ते जग त्यांनी आधी जगून घेतले होते.

अमेरिकेत १९९९ साली २१ हौशी मंडळींनी एका महिन्यात कादंबरी लिहिण्याचा पण केला. पुढे तीस दिवसांत पन्नास हजार शब्द, म्हणजे रोज सुमारे १६६७, असा त्याचा दंडक झाला आणि जगभर लाखो लोक त्यात उतरले. ती संस्था २०२५ मध्ये बंद पडली. पण मुदत घालून घेण्याची युक्ती काही वाईट नव्हे. मुदत आळसाला उठवते, आणि पहिलेच वाक्य दहा वेळा खोडत बसू देत नाही.

मात्र मुदत रस पुरवीत नाही. आमच्या भागातले गुऱ्हाळ पाहा. काहिलीतल्या रसाचा गूळ काही तासांत होतो. आडसाली ऊस मात्र दीड वर्ष रानात उभा असतो. ऊसच नसेल तर चुलाण पेटवून काय उपयोग? आणि ऊस तयार असून जाळ केलाच नाही, तर तो रानात वाळून जातो, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या प्रकारचे नुकसान आपल्याकडे अधिक होते. किती आज्या, किती आजोबा पुस्तकभर गोष्टी मनात घेऊन निघून जातात! तेव्हा वाचकहो, फराळाची ताटे उचलली की एक कोरी वही काढा आणि दिवस मोजून घ्या. कादंबरी होईल न होईल. घरातली एक गोष्ट तरी कागदावर राहील.