राजधानीची वाट, चामटोलीवरून

मुंबईचा इतिहास लिहिणारे किल्ला, गिरगाव, गिरणगाव यांत रमतात. मला तो चामटोलीजवळ, बदलापूर-वांगणी दरम्यानच्या रुळांवर सापडतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला आणि १८५६मध्ये खोपोलीला पोचले. बोरघाटाचा मार्ग १८६३मध्ये खुला झाला आणि मुंबईला दख्खनचे दार मिळाले. घाटाच्या पायथ्यापर्यंतची ही वाट उल्हास नदीच्या खोऱ्यातून जाते. चढ कमी, म्हणून रुळांना सोयीची. पण नदीने पात्र सोडले की हीच सपाटी तिची.

२७ जुलै २०१९ रोजी ते दिसले. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस इथे पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी बोटींतून सुखरूप बाहेर काढले गेले. आपत्ती दलाचे जवान, नौदल आणि आसपासचे गावकरी त्यासाठी राबले.

१९६०पासून मुंबई महाराष्ट्राची राजधानी आहे. तिथे घर परवडत नाही म्हणून आमच्यासारखे इकडे आलो. पहाटेची लोकल पकडून रोज तिची कचेरी, दुकाने, इस्पितळे चालवतो. आता नदीकाठच्या सपाटीवर इमारतीही चढताहेत. राजधानीच्या इतिहासात या खोऱ्याचे पान नसेल, तर नदीने दिलेला इशारा पुढच्यांनी वाचायचा कुठे?