परिनालिका झडपा व गळती प्रवाह

तारेच्या वेटोळ्यातून विद्युत् प्रवाह गेल्यावर निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने लोखंडी दट्ट्या ओढून पाणी, वाफ वा हवा यांची वाट उघडणाऱ्या साधनास परिनालिका झडप म्हणतात. कारखान्यांत व शेतावर ‘सोलेनॉइड व्हॉल्व्ह’ हेच नाव रूढ आहे. प्रवाह थांबला की स्प्रिंग दट्ट्याला मूळ जागी आणते. ‘सोलेनॉइड’ ही संज्ञा आंद्रे मारी अँपिअर यांनी दिली, तर विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये विद्युत् चुंबक तयार केला.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात या झडपेला साखर आणि वीज या दोन वाटांनी स्थान मिळाले. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने उभारलेल्या लोणी येथील सहकारी साखर कारखान्यात १९५० मध्ये गाळप सुरू झाले. केंद्रोत्सारक यंत्रात साखरेचे दाणे धुण्यासाठी पाणी नेमक्या क्षणी सोडावे व थांबवावे लागते. यंत्रे स्वयंचलित झाली तेथे हे काम झडपांकडे आले. पाणी वेळेवर थांबले नाही, तर तयार साखर विरघळून मळीत जाते. दुसरी वाट ग्रामीण विद्युतीकरणाची. देशातील पहिल्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्थांपैकी मुळा-प्रवरा ही १९६९ मध्ये श्रीरामपूर येथे स्थापन झाली आणि २०११ पर्यंत तिने वीज वितरण केले. विहिरींवर विद्युत् पंप आले, पुढे ठिबक सिंचन आले व त्यामागोमाग झडपांचे स्वयंचलित नियंत्रणही.

जुन्या यांत्रिक स्विचात संपर्क तुटला की मंडल खरोखरच तुटत असे. थायरिस्टर १९५७ मध्ये प्रचारात आल्यावर ‘बंद’ या शब्दाचा अर्थच बदलला. अर्धसंवाहक स्विच बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह झिरपतो. दाबाच्या आकस्मिक चढापासून संरक्षण देण्यासाठी त्याला जोडलेल्या धारित्रातून त्याहून अधिक जातो. २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ पुरवठ्यावर ०·१ मायक्रोफॅराड धारित्रातून सु. ७ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. मोठ्या वेटोळ्याच्या दृष्टीने तो नगण्य होय. परंतु २·५ व्होल्ट-अँपिअरच्या लहान वेटोळ्याचा पूर्ण प्रवाहच सु. ११ मिलिअँपिअर असतो. शिवाय धारित्र व वेटोळे एकसरीत येतात आणि त्यांच्या प्रतिक्रिया परस्परविरोधी असल्याने प्रत्यक्ष प्रवाह या हिशेबापेक्षा वाढूही शकतो.

एवढ्या प्रवाहाने मिटलेली झडप सहसा उघडत नाही. अडचण उलट बाजूची आहे. दट्ट्या ओढला गेल्यावर हवेची फट जवळजवळ नाहीशी होते व त्याला धरून ठेवण्यास फारच थोडे बळ पुरते. त्यामुळे उघडलेली झडप स्विच बंद केल्यावरही मिटत नाही. दोष शोधणारा कामगार झडप खोलतो, गाळ काढतो, स्प्रिंग बदलतो. झडप निर्दोषच असते. उच्च रोधाचा व्होल्टमापक अशा वेळी जवळजवळ पूर्ण दाबही दाखवितो व गोंधळात भर घालतो.

शेतावर कारण निराळे असते. २४ व्होल्टच्या तारा काळ्या जमिनीतून नेलेल्या असतात. सांध्यांत ओल शिरली की निरोधन ढासळते. प्रवाह जमिनीत जातो व दूरची झडप अर्धवट उघडते, किंवा शेजारच्या तारेतून आलेला प्रवाह नको ती झडप उघडी धरतो. पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात रात्रभर वाहिलेले पाणी हे मोठेच नुकसान होय. पंपाच्या मोटरीचे निरोधन बिघडल्यास गळती जिवावर बेतते. पण त्यासाठी भूसंपर्कन व गळती-संरक्षक स्विच हे वेगळे उपाय आहेत.

झडपेपुरता सोपा उपाय म्हणजे वेटोळ्यास अनेकसरीत रोधक जोडणे, म्हणजे झिरपणारा प्रवाह त्यातून निघून जातो. मात्र १० किलो-ओहम रोधकात झडप चालू असताना सु. ५ वॉट उष्णता निर्माण होते, म्हणून बंद पेटीत तो जपून बसवावा लागतो. मध्ये अभिचालित्र (रिले) घालून संपर्क पुन्हा यांत्रिक करणे अधिक खात्रीचे ठरते. बॅटरीवर चालणाऱ्या सिंचन-झडपांत स्थायी चुंबक दट्ट्याला धरतो. उघडण्यास एक व मिटण्यास एक असे प्रवाहाचे स्पंद पुरतात आणि मधल्या काळात वेटोळे निष्प्रवाह राहते. मिटविणाऱ्या स्पंदापूर्वीच बॅटरी संपली, तर ही झडपदेखील उघडीच राहते.