आंबट चुका : रुबार्बचा मराठी भाऊबंद

पाश्चात्त्य देशांत मुरंब्यासाठी व गोड पदार्थांसाठी प्रसिद्ध असलेली रुबार्ब ही वनस्पती महाराष्ट्रातील भाजीबाजारात सहसा दिसत नाही. मात्र तिच्याच कुळातील आंबट चुका मराठी स्वयंपाकघराला फार पूर्वीपासून परिचित आहे. दोन्हींत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते. त्यामुळे चुका कसा लावावा याइतकेच तो कोणी व किती खावा हेही जाणून घेणे आवश्यक ठरते.

रुबार्बला नवे कोंब फुटण्यासाठी हिवाळ्यात कडाक्याची थंडी लागते. वसई-विरारच्या उष्ण व दमट हवेत ती मिळत नाही. भारतात या गटातील वनस्पती हिमालयाच्या उंच भागांत वाढतात. त्यांपैकी रेवाचिनीचे मूळ आयुर्वेद व युनानी वैद्यकात रेचक म्हणून वापरले जाते. विशेष म्हणजे, सिक्कीममधील अशाच एका वनस्पतीचे आंबट देठ स्थानिक लोक खातात आणि तिला 'चुका' म्हणतात, अशी नोंद ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी 19व्या शतकात केली होती.

लागवड

इमारतींची दाटी वाढलेल्या विरार पूर्वेतील चंदनसारसारख्या भागात गॅलरीतील पसरट कुंडीतही चुका चांगला येतो. कोकणातील मुसळधार पावसात कोवळी रोपे कुजण्याची भीती असल्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पेरणी सोयीची. माती व कुजलेले शेणखत मिसळून बी उथळ पेरावे, वर मातीचा पातळ थर द्यावा. पाणी साचू देऊ नये. दाट उगवलेली रोपे विरळ करावीत. साधारण महिना-दीड महिन्यात पाने काढणीस येतात. झाड न उपटता पाने वरून कापल्यास पुन्हा फुटवा येतो.

वापर

हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे व गूळ घालून केलेली चुक्याची पातळ भाजी सर्वपरिचित आहे. अळूच्या फदफद्यातही अळूची खाज मारण्यासाठी चुका घालण्याची रीत आहे. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या किंवा ॲल्युमिनिअमच्या भांड्यात ही भाजी शिजवू नये. आम्लामुळे धातू अन्नात उतरतो. स्टीलचे भांडे उत्तम.

आरोग्य

चुक्यात क जीवनसत्त्व असते. मात्र ऑक्झॅलिक आम्ल शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावते आणि मूतखड्यांपैकी बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचेच असतात. अळूची खाजही याच क्षाराच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. त्यामुळे चुका घातलेले फदफदे मूतखड्याच्या रुग्णांसाठी दुहेरी जोखमीचे ठरते. अशा व्यक्तींनी, तसेच मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय चुका खाऊ नये. इतरांनी तो अधूनमधून, बेताने खावा. पाने उकळून पाणी टाकून दिल्यास ऑक्झॅलेटचे प्रमाण घटते. जेवणात दही-ताक असल्यास त्यातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधून ठेवते आणि ते कमी शोषले जाते.

परदेशी गेलेल्यांनी एक फरक मात्र कटाक्षाने ध्यानात ठेवावा. चुक्याची पाने खातात, तर रुबार्बचे केवळ देठ खाण्याजोगे असतात. त्याची पाने विषारी आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये अन्नटंचाईमुळे ही पाने भाजी म्हणून खाण्याचा सल्ला देण्यात आला, तेव्हा विषबाधा होऊन मृत्यू ओढवले होते. पालेभाजीची सवय असलेल्या मराठी घरात रुबार्ब आणल्यास पाने आधीच कापून टाकावीत.