चेरी : स्मृतीला चतुःसीमा आखून देणारे हार्डवेअर

संगणकावरील प्रत्येक आज्ञावली आपली माहिती स्मृतीत, म्हणजेच मेमरीत ठेवते आणि ती कोठे ठेवली हे ‘पॉइंटर’ नावाच्या पत्त्याने ओळखते. सी आणि सी प्लस प्लस या भाषांत हा पत्ता म्हणजे केवळ एक आकडा असतो. तेथील जागा किती लांबीची आहे, तेथे फक्त वाचता येईल की लिहिताही येईल, याची नोंद त्यात नसते. त्यामुळे आज्ञावलीतील एखाद्या चुकीचा फायदा घेऊन हल्लेखोर हद्द ओलांडून शेजारच्या माहितीला हात घालू शकतो.

२०१४ साली उघड झालेली ‘हार्टब्लीड’ त्रुटी याच प्रकारची होती. ओपनएसएसएल या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये, समोरच्या संगणकाने सांगितलेली मजकुराची लांबी न पडताळताच उत्तर पाठवले जात असे. परिणामी एका विनंतीत ६४ किलोबाइटपर्यंत स्मृती, प्रसंगी पासवर्डसह, बाहेर जाऊ शकत होती. आपल्या उत्पादनांतील सुमारे ७० टक्के सुरक्षा त्रुटी स्मृतीविषयक असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते.

रस्टसारख्या सुरक्षित भाषेत सर्व काही नव्याने लिहिणे हा एक उपाय आहे. परंतु जुन्या आज्ञावलींचा पसारा पाहता तो सहजसाध्य नाही. केंब्रिज विद्यापीठ आणि अमेरिकेतील एसआरआय इंटरनॅशनल यांनी २०१० पासून विकसित केलेले ‘चेरी’ तंत्र हे काम प्रोसेसरकडेच सोपवते. त्यात पॉइंटरच्या जागी ‘केपेबिलिटी’ येते. नुसता घराचा पत्ता आणि चतुःसीमा व हक्क नमूद केलेले खरेदीखत यांत जो फरक, तोच या दोहोंत आहे. ६४ बिटांच्या पत्त्याऐवजी १२८ बिटांत पत्ता, सीमा व परवानग्या साठवल्या जातात. शिवाय खरेपणाची मोहोर म्हणून एक वेगळा बिट असतो. दस्तात फेरफार करू गेल्यास ती मोहोरच नाहीशी होते. सीमा ओलांडली जाताच प्रोसेसर आज्ञावली थांबवतो.

हे तंत्र नित्याच्या सॉफ्टवेअरला झेपेल का, याचा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिला. केडीई या मुक्तस्रोत डेस्कटॉपसह सुमारे ६० लाख ओळींची आज्ञावली चेरीसाठी रूपांतरित करण्यात आली. एका अभियंत्याने सुमारे तीन महिन्यांत केलेल्या या कामात केवळ ०.०२६ टक्के, म्हणजे दीड हजारांच्या आसपास ओळी बदलाव्या लागल्या. पूर्वीच्या त्रुटींच्या कागदोपत्री पडताळणीवरून, त्यांपैकी ७३.८ टक्के त्रुटींचा धोका या तंत्राने कमी झाला असता, असा अंदाजही मांडण्यात आला. २०२२ च्या आरंभी आर्म कंपनीचा ‘मोरेलो’ हा प्रायोगिक बोर्ड संशोधकांच्या हाती आला.

अर्थात या संरक्षणाची किंमत आहे. पॉइंटर दुप्पट मोठे झाल्याने स्मृती अधिक लागते. मोकळी केलेली जागा जुन्या पत्त्याने पुन्हा वापरली जाऊ नये, यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमचे साहाय्य घ्यावे लागते. आज्ञावली अचानक थांबल्यास जतन न केलेले काम गमवावे लागू शकते. मात्र माहिती परक्याच्या हाती पडण्यापेक्षा ही हानी सोसण्याजोगी असते. तर्कातील चुका किंवा फसवून मिळवलेला पासवर्ड यांवर चेरीकडे उपाय नाही. मात्र स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या मुक्तस्रोत प्रकल्पांना, वर्षानुवर्षांचे काम मोडीत न काढता ते सुरक्षित करण्याचा मार्ग यातून दिसतो.