मृत्युतिथी आणि समाधी : कुलवृत्तांताच्या साधनांविषयी

रेडीसारख्या गावातील जुन्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहू जाता पूर्वजाची मृत्युतिथी बहुधा मिळते, वर्ष मिळत नाही. कारण श्राद्धास मास, पक्ष व तिथी पुरतात, शक लागत नाही. शक सापडला तरी गणित उरतेच. जेधे शकावलीत शहाजीराजांचा मृत्यू शके १५८५, माघ शुद्ध ५ रोजी नोंदला आहे. शकात ७८ मिळवून १६६३ काढणारा येथे फसतो. माघ जानेवारी-फेब्रुवारीत येत असल्याने ७९ मिळवावे लागतात. दिनांक ज्यूलियन गणनेने २३ जानेवारी १६६४, ग्रेगोरियन गणनेने २ फेब्रुवारी. हा दहा दिवसांचा फरक रेडीकर अभ्यासकाने विशेष ध्यानी ठेवावा. तेरेखोलपलीकडील पोर्तुगीज कागद सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून नव्या गणनेचे आहेत, तर इंग्रजांचे १७५२ पर्यंत जुन्या.

दफनाचा प्रश्न मात्र पुष्कळसा शब्दार्थाचा आहे. होदिगेरे येथील शहाजीराजांची ‘समाधी’ पाहून तेथे देह पुरला, असे अनुमान करू नये. संन्याशाची समाधी म्हणजे देह भूमीत ठेवल्याचे स्थान; गृहस्थाची समाधी म्हणजे बहुधा दहनभूमीवरील वा स्मरणार्थ बांधलेला चौथरा. हा अर्थभेद न ओळखल्यास वंशावळीत एखादा नांदता गृहस्थ विनाकारण संन्यासी होऊन बसतो.