लांब कोट आणि अरुंद विजार

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें, तरी इंग्लंडांतील टंचाई कांहीं संपली नाहीं. कपड्यांवरील नियंत्रण १९४९ सालीं उठलें. मांसावरील उठण्यास १९५४ चा जुलै उजाडावा लागला. अशा त्या ओढगस्तीच्या दिवसांत लंडनच्या सॅव्हिल रो या विख्यात शिंपीगल्लीनें सातव्या एडवर्डच्या अमदानींतील ऐटबाज पोशाख पुन्हां प्रचारांत आणण्याचें मनावर घेतलें. गिऱ्हाईक ठरलेलें होतें : गार्ड्स पलटणींतील तरुण अधिकारी व खानदानी मंडळी. परंतु तो पोशाख खऱ्या अर्थानें उचलला तो एलिफंट अँड कॅसलसारख्या दक्षिण लंडनच्या मजूरवस्तींतील पोरांनीं. आणि मग मूळ गिऱ्हाइकांना तो अंगावर घालण्याची लाज वाटूं लागली!

मांड्यांपर्यंत येणारा, मखमली कॉलरचा सैल कोट, पायांना चिकटणारी अरुंद विजार, जाड रबरी तळाचे बूट, गळ्यांत दोरीसारखा टाय आणि ब्रिलक्रीम चोपडून मागें बदकाच्या शेपटीप्रमाणें वळविलेले केस, असा एकंदर थाट असे. पेठेंतल्या शिंप्याकडे हप्त्याहप्त्यानें पैसे भरून तो मिळवावा लागे. शाळा सोडण्याचें वय १९४७ पासून पंधरा होतें आणि सक्तीची लष्करी नोकरी अठराव्या वर्षीं सुरू होई. मधल्या तीन वर्षांत हातीं मजुरीचा पैसा खुळखुळे, पण संसाराचा भार नसे. हें एवढें सोपें कारण त्या काळच्या उपदेशकांच्या ध्यानांत क्वचितच आलें.

कोटाच्या लांबीचें नातें अमेरिकेशींही होतें. तेथें १९४२ त युद्धोत्पादन मंडळानें लोकरी कापडाच्या वापरावर निर्बंध घातले असतां लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाचे तरुण ऐसपैस 'झूट सूट' घालून मिरवीत. कापडाची ही उधळण म्हणजे देशद्रोहच, असें ठरवून १९४३ च्या जूनमध्यें नौसैनिकांनीं टोळ्याटोळ्यांनीं हिंडून त्यांना झोडपलें, त्यांचे कपडे फाडले. पोलिसांनीं पकडलें मात्र मुख्यतः मार खाणाऱ्यांनाच.

इंग्लंडांत १९५३ सालीं 'डेली एक्स्प्रेस'नें 'एडवर्डियन' या लांबलचक शब्दाचें 'टेडी' केलें आणि 'टेडी बॉय' हें नांव सर्वतोमुखीं झालें. पुढें १९५६ त 'रॉक अराउंड द क्लॉक' हा चित्रपट लागला, तेव्हां मुलें खुर्च्यांमधील वाटांत नाचलीं, कोठें कोठें आसनेंही फाटलीं. कित्येक गांवांनीं त्या चित्रपटावर बंदीच घातली. नाचण्याचा एवढा धसका घेणाऱ्या वृत्तपत्रांना खरा अनर्थ कोठें शिजत आहे, हें दिसलें नाहीं.

तो १९५८ च्या ऑगस्टअखेर पश्चिम लंडनच्या नॉटिंग हिल भागांत फुटला. वेस्ट इंडीजमधून आलेल्या रहिवाशांच्या घरांवर गोऱ्या जमावांनीं रात्रीमागून रात्रीं हल्ले केले. लांब कोटवाले त्यांत होतेच. परंतु भाड्याच्या खोल्यांची टंचाई, घरमालकांची लूट आणि मोस्लेच्या अनुयायांचा वर्णद्वेषी प्रचार यांचा दोष एका पोशाखाच्या माथीं मारणें सर्वांच्याच सोयीचें होतें. टेडींना चिथावणारे प्रौढ शेजारी साधेच कपडे घालीत. दंगलीच्या आधींच्या एका रात्रीं लोखंडी कांबी घेऊन कृष्णवर्णीयांना गांठण्यास निघालेल्या ९ तरुणांना न्यायमूर्ति सामन यांनीं प्रत्येकीं ४ वर्षांचा कारावास दिला.

त्रिनिदादमध्यें जन्मलेल्या, साम्यवादी म्हणून १९५५ सालीं अमेरिकेनें हद्दपार केलेल्या क्लॉडिया जोन्स या लंडनमध्यें 'वेस्ट इंडियन गॅझेट' चालवीत. त्यांनीं १९५९ च्या जानेवारींत सेंट पॅन्क्रस टाउन हॉलमध्यें कॅरिबियन उत्सव भरविला. त्या प्रसंगीं विकलेल्या स्मरणिकेच्या उत्पन्नाचा कांहीं भाग नॉटिंग हिल प्रकरणांत दंड झालेल्या तरुणांसाठीं होता; काळ्यांसाठीं आणि गोऱ्यांसाठींही.