यंत्र आधी, शिक्षक मागाहून

ऑगस्ट २०१९मध्ये राज्याच्या शिक्षकभरतीसाठीच्या पवित्र पोर्टलवर शिक्षकांची निवडयादी लागली, तेव्हा महाराष्ट्रातल्या डी.एड., बी.एड. झालेल्या एका अख्ख्या पिढीची प्रतीक्षा संपली. मे २०१२पासून राज्यात शिक्षकभरती थांबलेली होती. डिसेंबर २०१७मध्ये अभियोग्यता चाचणी झाली, तीही संगणकावर. निकाल ऑनलाइन, पसंतीक्रम ऑनलाइन, यादीही ऑनलाइन. निवड झालेले तरुण शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पहिली तीन वर्षे मानधनावर, रुजू झाले. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचे मानधन महिन्याला ६००० रुपये होते. पहिले शैक्षणिक वर्ष पुरे होण्याआधीच मार्च २०२० उजाडला आणि शाळांना कुलूप लागले. राज्यातले पहिली ते चौथीचे वर्ग सलगपणे भरू लागले ते डिसेंबर २०२१नंतर. म्हणजे तीन वर्षांच्या शिक्षणसेवक काळातला निम्म्याहून अधिक काळ या शिक्षकांसमोर वर्गच नव्हता. त्यांच्या वाट्याला आलेल्या ऑनलाइन शिक्षणाची गोष्ट सहसा महामारीपासून सांगितली जाते. माझ्या मते ती निदान चाळीस वर्षे मागून सांगायला हवी. आपल्याकडे शाळेत यंत्र आले ते बहुतेक वेळा शिक्षकाला जोड म्हणून नव्हे, तर त्याच्यावरच्या खर्चाला पर्याय म्हणून; आणि या हिशेबाचा भार दर वेळी सर्वांत नव्या शिक्षकावर पडला.

सुरुवात अशी नव्हती, हे आधी नोंदवले पाहिजे. १ ऑगस्ट १९७५पासून वर्षभर चाललेल्या ‘साइट’ या उपग्रह दूरदर्शन प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत सामुदायिक दूरदर्शन संच बसवले होते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, तरी प्रयोगातला एक भाग आपल्याला आजही उपयोगी आहे. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम असत, पण तेवढ्यावर न थांबता याच यंत्रणेतून सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. पडद्यावर पाहायचे, रेडिओवर ऐकायचे आणि मग हातांनी करून बघायचे, अशी त्याची रचना होती. यंत्राचा पहिला विद्यार्थी शिक्षक असावा, ही समज तिथे होती. पुढे इन्सॅट उपग्रह आला आणि १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली. मराठी मुलांसाठी मराठीत, इथल्या मातीतले कार्यक्रम तिने केले आणि एका पिढीच्या आठवणीत ती घर करून राहिली. पण प्रक्षेपणाची वेळ शाळेच्या वेळापत्रकावरून ठरत नसे. तिसरीचा वर्ग ज्या दिवशी हातच्याच्या वजाबाकीत अडकला असेल, त्या दिवशी पडद्यावर पक्ष्यांचे स्थलांतर असू शकत होते. कार्यक्रम थांबवता येत नसे, मागे नेता येत नसे, मुलाने विचारलेल्या शंकेला पडद्याकडून उत्तर मिळत नसे. ती जागा शिक्षकाने भरायची होती, आणि कार्यक्रमाआधी काय करायचे, नंतर काय करायचे, याची तयारी करून घेण्याची सोय सगळीकडे पोचली नाही. २०१७ साली ही संस्थाच बंद करण्यात आली.

बालचित्रवाणी उभी राहिली त्याच दशकातल्या दोन योजना शेजारी ठेवून पाहाव्यात. १९८४-८५मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प देशातल्या २५० शाळांपासून सुरू केला. त्यासाठी ब्रिटनमधले बीबीसी मायक्रो संगणक निवडले. सोबतचे कार्यक्रम इंग्रजीत होते आणि शिक्षकांचे प्रशिक्षण तोकडे होते. तीन वर्षांतच, १९८७ साली, ‘खडू-फळा’ योजना आली. तिचे उद्दिष्ट काय होते? प्रत्येक प्राथमिक शाळेत निदान दोन खोल्या, निदान दोन शिक्षक आणि शिकवण्याचे किमान साहित्य. ज्या देशाला शाळेत दुसरा शिक्षक देण्यासाठी राष्ट्रीय योजना आखावी लागत होती, तोच देश निवडक शाळांत संगणक ठेवत होता. यातला कोणताही निर्णय एकटा पाहिला तर चुकीचा म्हणता येत नाही. उद्याच्या जगाची ओळख मुलांना व्हायलाच हवी होती. पण यंत्राची तरतूद आणि शिक्षकाची तरतूद या दोन गोष्टींचा विचार दोन वेगवेगळ्या खात्यांवर होत राहिला, आणि त्यांची गाठ घालण्याचे काम शाळेतल्या माणसावर सोडले गेले.

महाराष्ट्रात ही फारकत २००० सालानंतर स्पष्ट दिसू लागली. त्या वर्षी शिक्षणसेवक योजना लागू झाली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काम करायचे, प्राथमिकला ३००० रुपये, आणि मग नियमित वेतनश्रेणीत जायचे. पुढच्याच वर्षी एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आला. गावोगावी संगणक केंद्रे उघडली आणि नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक होत गेले. त्यानंतर माध्यमिक शाळांत खासगी पुरवठादारांमार्फत संगणक कक्ष उभे राहिले. शिक्षणसेवक योजनेच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो हलका नाही. राज्याची तिजोरी रिकामी होती. पूर्ण वेतनावर भरती करायची म्हटली असती तर अनेक पदे रिकामीच राहिली असती. मानधनामुळे दुर्गम गावातल्या मुलांना निदान शिक्षक मिळाला. हे खरे मानले तरी एक प्रश्न उरतो. बचत कोणाच्या खिशातून झाली? ज्या वयात माणूस हा व्यवसाय शिकतो, पुस्तके घेतो, नवी साधने हाताळून बघतो, नेमक्या त्याच वर्षांतली त्याची ऐपत काढून घेण्यात आली. नव्या शिक्षकाकडून नव्या तंत्राची अपेक्षा वाढत गेली, आणि ते तंत्र विकत घेण्याची, चुकत-माकत आत्मसात करण्याची ताकद मात्र घटत गेली.

२०१२ ते २०१९ या भरतीबंदीच्या काळात दुसरे एक टोक गाठले गेले. २२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम जाहीर झाला आणि डिजिटल शाळांची लाट आली. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, टॅब आले, भिंती रंगल्या. या लाटेत खरा उत्साह होता. अनेक गावांनी शाळेसाठी प्रथमच आपणहून पैसे उभे केले, आणि साताऱ्याच्या कुमठे बीटमधले ज्ञानरचनावादी वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. कुमठ्यात वाखाणली गेली ती महागडी उपकरणे नव्हेत. फरशीवर आखलेल्या आकृत्या, खडे, काड्या, कार्डे, आणि मुलांना आपापल्या गतीने शिकू देणारे शिक्षक, हे तिथले सामर्थ्य होते. पण याच वर्षांत ‘सरल’सारख्या ऑनलाइन नोंदींचे काम शाळेवर आले. विद्यार्थ्यांची माहिती, पोषण आहाराचे आकडे, यूडायसवरची शाळेची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळे संगणकावर. ज्याला संगणक येतो त्याने ते करायचे, हा शाळाशाळांतला अलिखित नियम. आणि संगणक येतो तो सहसा वयाने लहान शिक्षकाला. दोनशिक्षकी शाळेत एकजण माहिती भरायला बसला की दुसऱ्याकडे चारही वर्ग येतात. तंत्रज्ञानाने शिक्षकाचा वेळ वाचवावा, ही अपेक्षा होती. नव्या शिक्षकाशी त्याची पहिली ओळख झाली ती मात्र वेळ खाणारे कारकुनी काम म्हणून.

ही सगळी पार्श्वभूमी घेऊन २०२०कडे पाहिले की त्या वर्षी काय घडले ते नीट कळते. राज्याने हातपाय हलवले नाहीत असे कोणी म्हणू नये. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला एप्रिलमध्येच शिक्षकांच्या फोनवर येऊ लागली; दीक्षा ॲपवर धडे होते; जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. अडचण पुरवठ्याची नव्हती, पोचण्याची होती. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या सप्टेंबर २०२०च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी हे प्रमाण ३६.५ टक्के होते. तरीही पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्यास मिळाला अशी मुले जेमतेम एक तृतीयांश होती. २०२१च्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. घरात फोन असलेल्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. फोन बापाबरोबर कामावर जात होता किंवा थोरल्या भावंडाच्या तासासाठी राखलेला होता. सहा हजार रुपयांत घरभाडे, प्रवास आणि स्वतःचा डेटा भागवणारा शिक्षणसेवक आणि रिचार्जसाठी अडलेले पालक, अशा दोन टोकांमध्ये ते ऑनलाइन शिक्षण लोंबकळत होते.

मग मुले शिकली ती कशी? सोलापूरच्या निलमनगर वस्तीत घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले गेले. असंख्य ठिकाणी शिक्षक स्वाध्यायपत्रिका घेऊन पाड्यांवर गेले आणि अंगणात, झाडाखाली, देवळाच्या ओसरीवर चार-पाच मुलांचे गट बसवले. याला तात्पुरती डागडुजी म्हणणे मला मान्य नाही, कारण या कामाला महाराष्ट्रात वंश आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवले. मूल शाळेत येत नाही तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून तिथे अंगणवाडी आकाराला आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शंख-शिंपले, बिया, पाने हेच तिथले साहित्य. २०२०मध्ये त्याच पालघरच्या परिसरात शिक्षक पुन्हा पाड्यावर गेले, तेव्हा फोन त्यांच्या खिशात होता आणि उपयोगीही पडत होता. पण शिक्षण घडवले ते त्यांच्या जाण्याने.

यावर एक आक्षेप येईल की तरुण शिक्षक तर मोबाइलबरोबरच मोठे झाले, त्यांना तंत्रज्ञानाचे कसले अवघड? हा समज व्यवहारात फार नुकसान करतो. फोन सराईतपणे वापरणे वेगळे आणि फोनवरून सात वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवणे वेगळे. मुलाची नजर कुठे अडते, ओठ हलतात पण अक्षर उमटत नाही ते का, मागच्या बाकावरची गप्प मुलगी समजून गप्प आहे की न समजून, हे ओळखण्याची जाण वर्गात उभे राहूनच येते. पंधरा वर्षे शिकवलेल्या बाईंकडे ती होती. पडद्यावर काय निसटते आहे ते त्यांना कळत होते. २०१९च्या शिक्षकाकडे ती यायची होती. यंत्राची सवय त्याला होती आणि मुलांची सवय अजून व्हायची होती. अशा शिक्षकाला सर्वाधिक गरज होती ती अनुभवी सहकाऱ्याच्या सोबतीची, आणि बंद शाळेने नेमकी तीच तोडली.

दुसरा आक्षेप यशाच्या उदाहरणावरून येतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२०मध्ये दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याची त्यांची कल्पना पुढे मोठ्या प्रमाणावर रुजली. एक शिक्षक करू शकतो तर बाकीचे का नाही? या उदाहरणाचा क्रम पाहिला की उत्तर सापडते. कल्पना वर्गातून वर गेली. वरून वर्गात आली नाही. एका गावात, एका शाळेत वर्षानुवर्षे राहून, त्या मुलांची अडचण जवळून पाहून तिने आकार घेतला. तिच्यातून सिद्ध होते ते एवढेच की शिक्षकाला वेळ, स्थैर्य आणि प्रयोगाची मोकळीक मिळाली तर साधे तंत्रही फळते. अपवादात्मक माणसाच्या जिद्दीवर लाखो मुलांची व्यवस्था उभी करता येत नाही.

२०२३च्या सुरुवातीपासून प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन १६ हजार रुपये झाले. उशिरा का होईना, योग्य दिशेने पडलेले हे पाऊल आहे. तरीही मानधनाची पद्धत कायम आहे आणि ऑनलाइन नोंदींचा भारही. पुढचे यंत्र कोणते येईल, याची चर्चा आता पुन्हा जोरात आहे. दूरदर्शन, संगणक, टॅब आणि फोन या चारही वेळचा अनुभव गाठीशी असताना त्या चर्चेत पहिला प्रश्न यंत्राच्या किमतीचा नसावा. नव्या शिक्षकाला पहिल्या तीन वर्षांत पुरेसे वेतन, शेजारी अनुभवी शिक्षक आणि माहिती भरण्यापासून मोकळे झालेले तास मिळणार आहेत का, हा तो प्रश्न आहे. या तीन गोष्टींची तरतूद तंत्रज्ञानाच्या अंदाजपत्रकातच, यंत्राच्या आधीच्या ओळीत झाली पाहिजे.